खालच्या शाळेचा फळा

“आधी पाला ठेचायचा, मग कोळसा घालायचा. फळा वाळला की सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. तिथून अक्षर नीट दिसलं, तर तुम्ही मास्तर.”

तिला शिकवणाऱ्या डोकुआबाईंचा हा आवाज ओफेइबेआच्या कानातून इतक्या वर्षांत गेला नव्हता. पहाटेची प्रार्थना आटोपून ती डोळे उघडायची, तेव्हा पुष्कळदा तोच आधी भेटायचा.

टेकडीवर मिशनने काढलेलं अध्यापक विद्यालय होतं आणि उताराखाली गावातल्या लहानग्यांची शाळा. दर शनिवारी शिकाऊ मास्तरांनी खाली उतरायचं, रताळ्याचा पाला नि कोळसा वाटून तिथला फळा काळा करायचा, हा नेम बाईंनी घालून दिला होता. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की धुळीने फळा आठवड्यात पांढुरका पडे.

शेवटच्या आजारात बाईंनी ओफेइबेआचा हात धरला होता. “विद्यालयाचं विद्यापीठ होणार म्हणतात. होऊ दे, देवाची कृपा. पण खालचा फळा गं?”

“मी बघेन, बाई,” ती म्हणाली होती. बाई मग स्वस्थ झोपल्या.

आता ते विद्यापीठ सोमवारी होणार होतं. आज शनिवार, पटांगणात मिरवणुकीची तालीम चालली होती. ओफेइबेआला विभागप्रमुखाचा लाल झगा मिळाला होता. तिने नव्या वेळापत्रकात फळ्याचा शनिवार शोधला. तो नव्हता.

कुलगुरू यिरेंची शिकताना तिच्याच वर्गातला. ती त्याच्याजवळ गेली.

“खालच्या शाळेचं काय?”

“पांढरे फळे मागवलेत. तुझ्या नखातला कोळसा आता जाईल बघ,” तो हसला.

“तुझा कधी गेला? पहिल्याच दिवशी मक्याच्या आंबट केंकेच्या जेवणात तू काळीच बोटं बुडवलीस. बाईंनी ताटच उचललं होतं.”

“ते सगळ्यांदेखत काढू नकोस हं. मी कुलगुरू आहे.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “पाहुणे येणार, ओफेइबेआ. विद्यापीठाची मुलं खाली जाऊन कोळसा कुटतायत, हे कसं दिसेल? हवा तर एक रंगारी पाठवतो.”

“रंगारी मागच्या बाकावर बसेल का?”

यिरेंचीने उताराकडे पाहिलं. तो बाक त्यालाही आठवत असावा. इतका बुटका, की गुडघे हनुवटीला लागायचे, आणि समोरचं सगळं जग एकदम उंच व्हायचं.

वाजंत्री सुरू झाली. रांगा लागल्या. ओफेइबेआने झगा उतरवला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

“हे काय? तालमीत तुझी जागा?”

“पुढच्यांना थोडं सरकायला सांग. सोमवारी येईन मी, हात धुऊन.”

“आणि मुलं?”

“त्यांना खाली यायला तू सांगशील, कधीतरी. मी आज तेवढ्यासाठी थांबत नाही.”

तो झगा घेऊन तसाच उभा राहिला.

स्वयंपाकघरामागच्या वाफ्यातून तिने पदरभर पाला खुडला, चुलीतला विझलेला कोळसा मातीच्या भांड्यात घेतला, वर खलबत्ता ठेवला. ओठांत बाईंसाठीची छोटी प्रार्थना होती. मग टेकडीच्या उताराने, भांडं सांभाळत, ती खाली निघाली.