तिसरी थरथर

वैशालीने खोक्यावर चिकटपट्टी ओढली, पाठ सरळ करायला क्षणभर थांबली आणि लगेच दचकून पुन्हा वाकली. नीरजाने ते पाहिलं. मागून फोर्कलिफ्ट गाडी येत नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

वैशालीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडपे गावातल्या या गोदामात तिला काम मिळालं ते मनगटावरच्या पट्ट्यामुळे. नीरजा मुंबईच्या एका संस्थेत इंटरॅक्शन डिझाइन, म्हणजे माणसाला वापरायला सोपी उपकरणं घडवण्याचं शास्त्र, शिकवत होती. बहिऱ्या कामगारांसाठी हा पट्टा घडवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मागून गाडी आली की एक लांब थरथर, कुणी बोलावलं की दोन छोट्या. एवढंच तिने त्यात ठेवलं होतं. याच कामावर आता तिला प्राध्यापकपद मिळणार होतं. त्याआधीच्या शेवटच्या पाहणीला ती आली होती.

"ही तिसरी थरथर कसली?" तिने सुपरवायझर भूपेशला विचारलं.

"हात थांबला की येते, मॅडम. आमच्या आयटीवाल्यांनी टाकली. आता ऐकू येणाऱ्यांनाही पट्टे दिलेत. एक नंबर चीज बनवलीत तुम्ही."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती.

नीरजा एका खोक्यावर बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. तिच्या पासवर्डने पट्ट्यांची प्रणाली अजून उघडत होती. तिसरी थरथर काढून टाकणं अवघड नव्हतं.

शेजारी झाडणारी बायजाबाई, वैशालीची सासू, झाडू टेकवून जवळ आली.

"बंद करताव काय ते?"

"फक्त तिसरी थरथर."

"नको गं बाय. ऐकनारी मान्सं भायेर पुष्कळ हायत. ती काढली तं आमचीला कोन ठेवील?"

भूपेशने ते खोडून काढलं नाही.

नीरजाने वैशालीला खुणेने विचारलं, तुला काय हवं?

वैशालीने आधी भूपेशकडे पाहिलं. मग पट्टा थोडा वर सरकवला. खालची कातडी लाल होऊन सुजली होती. तिने अंगठा आणि बोट हळूहळू जवळ आणलं. जोर कमी. बाकी राहू दे.

नीरजा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने जोर निम्म्यावर आणला.

"जाणवलं पाहिजे पण," भूपेश म्हणाला.

तिने तो जरासा वाढवला. वैशालीचा पट्टा मागून घेऊन स्वतःच्या मनगटावर बांधला आणि हात मांडीवर स्थिर ठेवला. थरथर आली. दुखण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

वैशालीने पट्टा परत बांधला, हात थांबवून पाहिला आणि हसली. हनुवटीला लावलेला तळहात पुढे नेत तिने आभार मानले.

पलीकडच्या टेबलावरच्या दोघी हे बघत होत्या. त्यांनी आपापले पट्टे सोडले आणि ते पुढे करत नीरजाच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.