नऊ पट्टे

“उद्धवरावाचं खोकं धम्माच्या टेम्पोत ठिवू नगंस. त्यो मानूस गोड बोलला की समजायचं,” गिरजाबाईंनी सुनेला बजावलं होतं. रश्मी हसली होती. घरमालकच ते, टेम्पो चाकणहून रिकामाच निघालेला; एक खोकं नेलं तर काय बिघडतंय? तिनेच डबा भरून नवऱ्याला पिटाळलं.

नाक्यावर पोलिसांनी खोकं उघडलं. आत खवले मांजराचे खवले, विकायला बंदी असलेले. धम्मपाल तुरुंगात गेला. सहा वर्षं ज्यांच्या खोलीत राहिला, ते उद्धवराव म्हणाले, “कोन ड्रायव्हर? मी न्हाई वळखत.”

पाच महिने रश्मी ना रडली, ना भांडली. ‘काका, काका’ करत राहिली आणि त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडवर डोळा ठेवून बसली. परवा तिथल्या निळ्या ड्रममधून नखांची खरखर आली. तिने वनखात्याला फोन लावला.

आज जीप आली. ड्रमच्या तळाशी घाबरून गुंडाळी झालेलं जनावर होतं. उद्धवरावांनी शांतपणे कागद काढला.

“आर्माडिलो हाय ह्यो, सायेब. अमेरिकेचा. नऊ पट्ट्यांचा, लिवलंय बघा. हौसेनं पाळलाय.”

नवनाथ, नवाच वनरक्षक, कागद उलटसुलट करू लागला. कागद चालला तर हा माणूस पुन्हा सुटणार. रश्मी घरात गेली आणि लेकीचं, मिनलचं, प्राण्यांचं पुस्तक घेऊन आली.

“काका, हा दचकला की काय करतो हो?”

“दिसतंय की! गुंडाळी.”

“नऊ पट्ट्यांचा उंच उडी मारतो. पुरती गुंडाळी तीन पट्टेवाल्यालाच जमते.” तिने चित्र पुढे धरलं. “बरं, पट्टे तरी मोजून दाखवा.”

उद्धवरावांचं बोट पाठीवर फिरलं. पट्टा कुठेच नव्हता. कौलांसारखे एकावर एक खवले, डोक्यापासून शेपटापर्यंत.

“मोजा ना काका. नऊच तर आहेत.”

कुणीतरी फिसकन हसलं. नवनाथने कागदाची घडी करून खिशात घातली.

जीपमध्ये चढताना उद्धवराव कळवळले, “रश्मे, धम्माला सोडवनारच हुतो गं मी.”

“आत भेटतील, तेव्हा त्यांनाच सांगा. ओळखाल ना?”

जीप गेली. मालकाला धरून दिलं म्हणून चाळीतली दारं एकेक करून लागली. धम्मपाल अजून आतच आहे. रश्मीने मिनलला पोटाशी घेतलं, गुडघे दुमडले आणि तिच्याभोवती अंग आवळून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या चाळीवरून गेलात, तर तिची कडी एकदा वाजवा. लगेच नाही उघडायची ती. जरा थांबा.