दप्तरातली झुरळं

छप्पन सालच्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. त्यानंतर पंधराच दिवसांनी बाजारामागच्या गल्लीत विनायकच्या दारासमोर दोन बैलबंड्या येऊन उभ्या राहिल्या. बंड्यांवर अकरा लाकडी पेट्या होत्या. छोट्या लाईनीच्या, नॅरोगेज गाडीने त्या नागपूरहून आल्या होत्या, आणि त्यांत कागदच कागद होते.

विनायक एका लहानशा सरकारी कचेरीत कारकून होता. त्या खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, पुढे ते दुसऱ्याच खात्यात मिसळून गेलं. नागपुरातून फक्त छिंदवाडा जिल्ह्याचे कागद यायचे होते, पण घाईत कोणी तरी सगळेच भरून पाठवले. कोणते ठेवायचे, कोणते परत करायचे, याचा हुकूम भोपाळहून यायचा होता. कचेरी दोन खोल्यांची. साहेब केशवराव म्हणाले, "विनायकराव, तुमची मधली खोली मोठी आहे म्हणता. ठेवा तिथं. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

विनायकला 'नाही' म्हणणं कधी जमलं नव्हतं. उलट सरकारी दप्तर आपल्या घरी राहणार याचं त्याला मनातून अप्रूप वाटलं.

त्याची बायको विजयमाला मोहगावच्या कास्तकाराची लेक. बंड्या पाहून ती पदर खोचूनच बाहेर आली.

"मधल्या खोलीत आपली पोर निजते, जयू. भिंतीपलीकडे चूल आहे. तिथंच काऊन ठेवून राहिले?"

"ओसरीवर ठेवले अन् पाणी लागलं तर? सरकारी कागद आहेत ते."

"अन् आपण कुठं वावरायचं?"

"पंधरा दिवस, विजे. फक्त पंधरा दिवस."

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, संक्रांत आली, तरी भोपाळहून चिठ्ठी आली नाही.

विजयमालाची स्वच्छता गल्लीत नावाजलेली होती. रोज सारवण, रोज तांब्या-पितळेला चिंच. अंघोळीशिवाय चुलीला हात नाही. मागच्या दाराशी पंचफुला यायची. घरांना लागून मागे अरुंद गल्ली होती, संडासाखालची टोपली तिकडून काढावी लागे. पंचफुला ती काढून न्यायची. विजयमाला तिच्याशी बोलायची, पण उंबऱ्याच्या आतून. भाकरी द्यायची ती वरून, हाताला हात लागू न देता. ती गेली की दारावर पाणी शिंपडायची. तिच्या आईने हेच केलं होतं, गल्लीतल्या सगळ्याच बायका हेच करत होत्या. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पहिलं झुरळ तिला पौषात दिसलं. बोटभर लांब, तेल चोपडल्यासारखं तपकिरी, भिंतीवर मिशा हलवत उभं होतं. तिने ते केरसुणीने मारलं. पोट फुटून पांढरा चीक भिंतीला लागला. तिने जागा दोनदा धुतली, तरी तिथून एक वास येत राहिला. उग्र, गोडसर, खवट तेलासारखा. मग तो वास मधल्या खोलीत कायमच राहू लागला. अंथरुणाला येई, विनायकच्या सदऱ्याला येई. एकदा तर तिला तांदळाच्या डब्यात आला. तिने तांदूळ पाखडले तेव्हा सुपात काळ्या मिरीच्या चुऱ्यासारखं काहीतरी उरलं. मिरी नव्हती ती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

"पेट्या उघडून पाहा ना एकदा," ती म्हणाली.

"मोहरबंद आहेत. हुकूम आल्याशिवाय हात लावता येत नाही."

मात्र बांधणीसाठी आलेल्या कोऱ्या पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा पेट्यांवर सुटाच पडला होता. त्याची मोजदाद कुठेच नव्हती. विनायकने त्यातले काही काढून दिले. विजयमालाने ते गोल कापले आणि दुधाच्या पातेल्यावर, जयूच्या पेजेवर झाकणं म्हणून ठेवायला लागली. पांढरे, कोरे, दिसायला स्वच्छ.

होळीच्या सुमाराला चार वर्षांची जयू आजारी पडली. आधी जुलाब, मग आव, मग रक्त. ताप असा की कपाळावर हात ठेववत नव्हता. शेजारच्या अनुराधाबाई म्हणाल्या, "संत्री चारली असतील भरमसाट. मृगाच्या बहाराची फळं ती, पोराच्या पोटात आग लावतात." विजयमालाच्या माहेराहून संत्र्यांची करंडी आली होती खरी. तिने उरलेली सगळी गायीपुढे टाकली.

यशवंतराव डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी आणि भाताची पेज सांगितली. आठ दिवसांनी पोर उठून बसली. गाल बसलेले, मान बारीक, पण हसली. आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा रक्त.

यावेळी डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पाणी उकळता?"

"उकळते."

"हात धुता?"

विजयमालाला रडू आलं. "डॉक्टरसाहेब, गल्लीत कोणालाही विचारा. माझ्याइतकं कोणी धूत नाही."

"मग घाण कुठून येऊन राहिली?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "हा रोग घाणीतूनच तोंडात जातो, बाई. दुसरी वाट नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला मागच्या गल्लीत आली तेव्हा विजयमाला दारातच बसली होती. भाकरी आणायचंही तिला सुचलं नव्हतं.

"पोट्टी कशी आहे, बाई?"

"रक्त जाऊन राहिलं पंचफुला. घाणीतून येते म्हणतात डॉक्टर. माझ्या घरात कुठली घाण?"

पंचफुलाने खराटा भिंतीला टेकवला. मग तिने संडासाचं खालचं लोखंडी झाकण उचललं. "इकडं या. नाक धरा अन् पाहा."

विजयमाला आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूला गेली. टोपली काठोकाठ भरलेली होती आणि ती हलत होती. आधी तिला ते कळलंच नाही. मग डोळे सरावले. झुरळं. मैल्यावर, मैल्याच्या आत, टोपलीच्या विणीतून आरपार, एकमेकांच्या अंगावरून. मिशा हलत होत्या, तोंडं चालू होती. उघड्या झाकणातून उजेड पडताच निम्मी भिंतीवर चढली आणि विटांच्या फटीतून आत गेली.

"पाहिली वाट त्याहिची?" पंचफुला म्हणाली. "ती फट तुमच्या मधल्या खोलीत निघते. रोज पायते मी. इथं खातात अन् तिकडं जातात. पेट्या आल्यापासून तं लयच झाली. तिकडं त्याहिले काही तरी खायले भेटून राहिलं."

"तू बोलली काऊन नाही आजवर?"

"कशी बोलू? मी तोंड उघडलं का तुम्ही पाणी शिंपडता." तिने हे रागाने म्हटलं नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "मले उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. हे झुरयं याच टोपलीतून उठून तुमच्या चुलीवर जाऊन बसतात, त्याहिले कोणी अडवत नाही."

विजयमाला धावतच आत गेली. ऊन चांगलं वर आलं होतं, पण मधली खोली पेट्यांमुळे अंधारी होती. जयू उताणी निजली होती, तोंड अर्धवट उघडं. ओठांच्या कडेला सकाळची पेज वाळली होती, आणि त्या पेजेवर एक झुरळ होतं. त्याचे पुढचे पाय पोरीच्या खालच्या ओठावर होते. ते खात होतं. सावकाश, ताटावर बसल्यासारखं.

विजयमालाने ते हातानेच उडवलं. ते तिच्या मनगटावर चढलं, काटेरी पाय कातडीत रुतवत बांगड्यांवरून कोपरापर्यंत गेलं आणि खाली पडलं. तिने पोरीला उचललं, ओसरीवर नेऊन ठेवलं आणि तिथेच भडभडून ओकली. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली. मग आत येताच तिची नजर चुलीजवळच्या पेजेच्या पातेल्यावर गेली. पांढरा पुठ्ठा तिने उचलून उलटा केला. आतल्या बाजूला, जिथे खळीने दोन थर चिकटवलेले होते, तिथे कागद कुरतडलेला होता, आणि त्या खोबणीत तीन-चार बारकी, पांढुरकी पिल्लं वळवळत होती. काळे ठिपके पेजेत पडलेले होते. हे झाकण तिने स्वतःच्या हाताने कापलं होतं. रोज स्वतःच्या हाताने पोरीच्या अन्नावर ठेवलं होतं.

ती मागच्या दाराशी गेली. पंचफुला अजून तिथेच होती.

"हात धुऊन आत ये," विजयमाला म्हणाली.

"आत?"

"पेट्या माझ्या एकटीनं उचलवायच्या नाहीत. ये."

पंचफुलाने मोरीत राखेने हात-पाय धुतले आणि उंबरा ओलांडला. चुलीसमोरून जाताना ती क्षणभर थबकली. विजयमालाने मागे वळूनही पाहिलं नाही. दोघींनी पहिली पेटी ओढत अंगणात आणली, पाट्याच्या वरवंट्याने मोहर फोडली आणि फळी उचकटली.

आतून तो वास भपकन तोंडावर आला. मग पेटी उसळली. झुरळं पाण्यासारखी काठावरून वाहिली. दोघींच्या पायांवरून, लुगड्यांच्या निऱ्यांतून. विजयमाला किंचाळली, पंचफुला अनवाणी टाचेने ठेचत राहिली. टाचेखाली वाळल्या शेंगा फुटल्यासारखा आवाज येत होता. फायलींची खळ पार चाटून संपली होती. पानं एकमेकांपासून सुटली होती, आणि पानापानांत चिंचोक्यासारखी तपकिरी अंडी ओळीने चिकटलेली होती. सह्या खाल्लेल्या, तारखा खाल्लेल्या. त्यांवर पिवळट डाग, आणि डागांवर मैल्याचेच कण.

विजयमालाने बंबात पाणी उकळलं. एकेक पेटी बाहेर आली, कागद चैत्राच्या उन्हात पसरले गेले, रिकाम्या पेट्यांत आणि भिंतीच्या फटीत कढत पाणी ओतलं गेलं. चार वाजेपर्यंत अंगणात मेलेल्या झुरळांचा ढीग झाला. तो पंचफुलाने घमेल्यात भरला, त्यावर रॉकेल ओतून पेटवला. करपलेल्या वासाने दोघींनी नाकाला पदर लावला.

मोरीशी हात धुताना विजयमालाने विचारलं, "तुला कसं ठाऊक, पंचफुला? डॉक्टरला सुचलं नाही ते?"

"माह्ये दोन लेकरं असेच गेले," ती म्हणाली. "रक्ती लागून. एक दीड वर्साचं, एक तीनचं. टोपल्या घरापाशी ठेवायची मी तवा. रातच्याले त्याहिच्या तोंडावरून हाकलायची हे झुरयं. लेकरं गेल्यावर मंग ध्यानात आलं."

विजयमालाने तांब्या उचलला आणि पंचफुलाच्या हातावर पाणी ओतलं. मग तांब्या तिच्या हातात दिला, आणि स्वतःचे हात पुढे केले.

विनायक घरी आला तो अंगणात पसरलेलं सरकार पाहून दारातच थांबला. "विजे, हे काय करून बसली? माझी नोकरी जाईल!"

तिने तो पुठ्ठा त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा केला. एक पिल्लू त्याच्या अंगठ्यावर आलं. विनायकने पुठ्ठा फेकला, आणि ओसरीवर निजलेल्या जयूचं अंथरूण झटकायला घेतलं.

दुसऱ्या सकाळी केशवराव स्वतः आले, नाकाला रुमाल लावून. "सरकारी मोहर फोडायचा अधिकार तुमच्या मंडळींना दिला कोणी? यावर तुम्हाला लेखी उत्तर द्यावं लागेल."

विनायकने वाकून एक फाइल उचलली आणि साहेबांपुढे धरली. आत अंडी दिसत होती.

"देतो साहेब, उत्तर. आधी ही तुम्ही हातात घ्या. पहिल्या पानापासून वाचा, कोणत्या राज्याची आहे ते ठरवा. पोरीला रक्त जाऊन राहिलं माझ्या. ही मी आता घरात ठेवणार नाही. तुमच्या घरी जागा असेल तर आत्ता बंडी बोलावतो."

केशवरावांचा हात अर्धा पुढे आला आणि मागे गेला. संध्याकाळपर्यंत पेट्या स्टेशनाजवळच्या एका टिनाच्या गोदामात गेल्या.

यशवंतराव डॉक्टरांनी सगळं ऐकून मान हलवली. "हा किडा डसत नाही, म्हणून माणूस त्याला भीत नाही. पण पायाला घाण, पोटात घाण. जंतू तिकडून उचलतो अन् ताटात सोडतो. नुसता चालून जातो, तेवढ्यानं होतं. माझ्याही ध्यानात यायला हवं होतं." त्यांनी गोळ्या बदलल्या नाहीत. त्याच गोळ्यांनी या खेपेला जयू बरी झाली आणि बरी राहिली.

पंचफुला चुलीसमोरून गेली हे गल्लीभर झालं. अनुराधाबाईंनी चैत्रातल्या हळदीकुंकवाला विजयमालाला बोलावलं नाही. एकदा विहिरीवर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचं पाणी आता आम्हाला चालायचं नाही हो." विजयमाला म्हणाली, "नका घेऊ. पण मागचं झाकण उघडून एकदा पाहा. तुमच्याही भिंतीला फट आहे." अनुराधाबाई त्या दिवशी रागावून गेल्या, पण आठवड्याने त्यांच्या मागच्या भिंतीला कोणी तरी चुना-विटकरीने फटी बुजवताना दिसलं.

विनायकला लेखी ताकीद मिळाली आणि आषाढात पांढुर्ण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी पंचफुला पुढच्या दाराने आली. ओसरीवर बसून चहा घेतला आणि जयूच्या गालावरून हात फिरवला. पोर तिच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती.

किळस मात्र विजयमालाच्या अंगातून गेली नाही. पांढुर्ण्यात घर पाहायला गेली तेव्हा घरमालकीण तिला देवघर दाखवायला निघाली, आणि ही सरळ मागच्या गल्लीत जाऊन, नाकाला पदर लावून, वाकून फटी तपासायला लागली.