मेहुणा आणि खालच्या बाई

नवं वर्ष लागलं की आमच्या बँकेला खातेदारांचा उमाळा येतो. एरवी सहीचं शेपूट जरा वाकडं आलं तरी माणसाला पुन्हा रांगेच्या टोकाला पाठवणारी आमची शाखा जानेवारीत एकदम मायाळू होते. वरच्या ऑफिसातून पत्रकांचा गठ्ठा येतो. यंदाच्या पत्रकावर एक जोडपं सगळे दात दाखवून हसत होतं आणि त्यांच्या पायाशी तीन सल्ले होते : रोज थोडं चाला, रोज थोडं बाजूला टाका, रोज कुणाशी तरी बोला. बाजूला टाकण्याचं ठीक, पण लोकांच्या चालण्याशी बँकेला काय करायचंय, असं आमच्या शिपायाने विचारलं. साहेब म्हणाले, "माणूस टिकला तर हप्ते टिकतील ना!" हा खुलासा सगळ्यांना पटला.

नुसती पत्रकं वाटून भागलं असतं. पण यंदा वरच्यांना ‘जोडी’ची कल्पना सुचली होती. हौशी खातेदारांनी नावं द्यायची, शाखेने दोघादोघांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतल्यांनी रोज संध्याकाळी फोनवर एकमेकांना विचारायचं : चाललात का, बाजूला टाकलंत का, कुणाशी बोललात का. तिसऱ्या प्रश्नाखाली बारीक टायपात लिहिलं होतं की या फोनवरचं बोलणं धरू नये. काहीतरी बारीक टायपात लिहिल्याशिवाय बँकेला अन्न पचत नाही.

नावं आली, जोड्या लागल्या आणि एक माणूस उरला. मशीनवाले. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान विकलं, बायको गेली, मुलगी लांब. पासबुकात नवीन काही उमटण्यासारखं नसतानाही ते पासबुक छापून घ्यायला यायचे आणि छपाईयंत्राचा आवाज ऐकून मला सांगायचे, "पट्टा सैल झालाय हो याचा." पट्टा खरंच सैल असायचा. आम्ही काही करायचो नाही.

"सस्पेन्सला टाका," साहेब हसत म्हणाले. सस्पेन्स हे आमच्याकडचं एक खातं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तिथे पडून राहते, दुसरी बाजू मिळेपर्यंत.

आम्ही हसलो. शेरेबाई हसल्या नाहीत. त्या आमच्या मुख्य अधिकारी, साहेबांच्या खालोखाल. आलेल्या प्रत्येक कागदावर लाल शाईने शेरा मारल्याशिवाय त्यांचा हात उठत नाही, म्हणून हे नाव. पाठीमागे सगळे तसंच म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे. "सस्पेन्सला फार दिवस ठेवता येत नाही, ऑडिट विचारतं," त्या म्हणाल्या. मग पेन उघडून मशीनवाल्यांच्या नावासमोर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. "माझंही पगाराचं खातं इथेच आहे. मी पण खातेदारच."

जमा आणि नावे जुळवण्यापलीकडे त्यांच्या मनात काही असेल, असं तेव्हा तरी मला वाटलं नाही.

फोन त्या शाखेतूनच करायच्या, शटर अर्धं खाली आल्यावर. मी रोखपाल. रोकड आत ठेवायला तिजोरीच्या दोन किल्ल्या लागतात, एक माझी आणि एक त्यांची, तेव्हा त्यांचा फोन संपेपर्यंत माझी सुटका नाही. उत्तरं उतरवून घेताना हात मोकळा हवा म्हणून त्या स्पीकर चालू ठेवत. त्यामुळे जे ऐकलं ते चोरून ऐकलं, असं कुणी म्हणू नये.

"चाललात का?"

"चाललो. पाण्याच्या टाकीपर्यंत. तुम्ही?"

"मी बँकेत चालते."

"बँकेतलं धरायचं नाही. बसने न जाता घरी चालत जा. बरं, पैसे बाजूला टाकलेत मी, डब्यात."

"डब्यात नाही, खात्यात टाकायचे असतात."

"खात्यात टाकायला आलो की तुमच्या खिडकीतला माणूस म्हणतो, सुटे नकोत."

खिडकीतला माणूस म्हणजे मी. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नोटा सरळ करत राहिलो.

"कुणाशी बोललात?"

"मेहुण्याशी. बायकोचा धाकटा भाऊ. येतो अधूनमधून. तुम्ही?"

"मी दिवसभर लोकांशीच..."

"ते कामाचं झालं."

बाईंचं पेन थांबलं. "खालच्या मजल्यावर एक बाई राहतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्याशी."

मी नोटांवरून नजर वर केली. गेल्या वर्षी बाईंची आई गेली तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. खालच्या मजल्यावरच्या दाराला कुलूप होतं आणि दाराच्या फटीत विजेच्या बिलांचा जुडगा पिवळा पडला होता. आधाराला पावती नसेल तर साहेबांचं प्रवासबिलसुद्धा परत करणाऱ्या बाई एका नसलेल्या शेजारणीला बिनदिक्कत नोंदवून मोकळ्या झाल्या.

आणि एकदा नोंदवली म्हटल्यावर तिला रोज काहीतरी करायला लागणं आलंच. खालच्या बाईंनी शिडी नेली. खालच्या बाईंना रात्री गाणी म्हणायची सवय आहे, आवाज वाईट नाही पण चाल सोडतात. इकडे मेहुणाही काही कमी नव्हता. बुद्धिबळात हरायला लागला की त्याचा गुडघा दुखायला लागायचा आणि तो डाव सोडून उठायचा. मशीनवाले त्याच्यावर इतके चिडायचे की स्पीकर खरखरायचा. "अहो, लहानपणापासून असाच आहे! बहिणीने लाडावून ठेवलाय!"

"तुम्ही घोडा आधी बाहेर काढत जा," बाई म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्यांना फक्त टाचणी आणि शिक्का एवढंच कळतं.

हळूहळू पहिले दोन प्रश्न नुसते उरकले जाऊ लागले. फोन सगळा तिसऱ्या प्रश्नावर चाले. माझ्या घरी आई, बायको, दोन वहिन्या आणि त्यांची पोरं. तिथे बोलायला मिळत नाही, फक्त ऐकायला मिळतं. तेव्हा उशीर झाला तरी मी तक्रार केली नाही. पण एक दिसत होतं. मोहीम महिनाअखेर संपणार होती, बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं टाळत होत्या, आणि मशीनवाले रोज न चुकता विचारायचे, "पुढे वाढवणार का हो हे?"

"वरून पत्र आलं तर," बाई सांगायच्या.

पत्र आलं ते वेगळंच. मोहिमेचा समारोप शाखेत करावा, आणि प्रत्येक भाग घेणाऱ्याने ज्या माणसाशी महिनाभर बोलणं झालं त्या माणसाला सोबत आणावं. फोटो काढून अहवालाला जोडायचा. साहेब हरखले. "आधार पाहिजेच," ते म्हणाले. "नाहीतर काय, कोणीही काहीही सांगेल."

त्या संध्याकाळी फोन करण्याआधी शेरेबाई माझ्या खिडकीशी आल्या. "तुमच्याकडे बायका भरपूर आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एखादी वहिनी द्या की दुपारपुरती."

"मोठी देतो. परत नाही केलीत तरी चालेल."

त्या हसल्या. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "नको. त्या बोलतील आणि लगेच कळेल." खुर्चीत जाऊन त्यांनी फोन लावला आणि समारोपाचं सांगितलं.

"आणतो की!" मशीनवाल्यांचा आवाज एक पट्टी वर चढला होता. "नवा शर्ट काढून ठेवायला सांगतो त्याला. तुमच्या बाई येणार ना?"

"बघते. त्यांची तब्येत जरा..."

"हो का. हवाच तशी आहे."

समारोपाला शाखा नुसती फुलून गेली. कुणी नातीला आणलं होतं, कुणी वाण्याला, एका आजोबांनी तर ज्याच्याशी गेली कित्येक वर्षं कोर्टात भांडण चालू आहे त्या भाडेकरूलाच आणलं होतं. "रोज त्याच्याशीच बोलतो," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. बाई हातात यादी घेऊन फिरत होत्या. जो यादी घेऊन फिरतो त्याला कुणी काही विचारत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पहिल्या रांगेत मशीनवाल्यांसाठी धरलेल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. फोटोत भोक दिसेल म्हणून साहेबांनी शेवटी शिपायाला आणि मला तिथे बसवलं.

सोमवारी शटर अर्धं खाली आलं. मी किल्ली काढून उभा राहिलो. बाईंनी किल्ली न काढता फोन ओढला.

"मोहीम संपली ना?" मी म्हटलं. "घरून करा की."

"घरून केला तर तो माझा फोन होईल," त्या म्हणाल्या. मला तेव्हा हे नीट कळलं नाही.

स्पीकर त्यांनी लावला नाही. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. मला फक्त त्यांचंच ऐकू येत होतं. "नाही आलात ते... हो, कळलं, गुडघा. असू दे." मग एखादी चूक दुरुस्तीला घेताना बोलतात तशा आवाजात, "हे बघा, एक सांगायचं होतं. माझ्या खाली कुणी राहत नाही. ते घर बंद आहे. शिडी वगैरे सगळं मी... हो. आईनंतर मी कुणाशी म्हणजे कुणाशी बोलत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हीही मनात काही ठेवू नका. आपण आपलं असंच... नाही, तसं नाही हो. मला काही म्हणायचं नव्हतं. अहो, ऐका..."

त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचं खालचं घर रिकामं आहे म्हणून माझा मेहुणा मेला असं होत नाही." त्या टेबलावरचं शाईचं पॅड उघडबंद करत होत्या. "मेलाय तो. चार वर्षं झाली. त्याच्या खात्याचे पैसे बहिणीला मिळाले, त्या कागदांवर माझी सही आहे. शेजारी मशीनवालेच बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. ते विसरले, मी नाही."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला..."

"पहिल्या दिवसापासून."

आपलं खोटं आधी मांडलं की समोरच्याला त्याचं मांडणं सोपं जाईल, असा त्यांचा साधा हिशोब. बँकेत हा हिशोब चालतो. पण बाईंकडे शिडी परत न करणारी शेजारीण होती, ती गेली तर गेली. मशीनवाल्यांकडे जो होता त्याला त्यांनी आधीच एकदा पोचवलं होतं. दुसऱ्यांदा, तेही बँकेच्या फोनवरून पोचवायची त्यांची तयारी नव्हती.

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. बाई रोज लावायच्या, रिंग पूर्ण वाजू द्यायच्या आणि मग किल्ली काढायच्या. मशीनवाले शाखेतही फिरकेनात. छपाईयंत्राचा पट्टा एकदा तुटला तेव्हा बाई यंत्राजवळ बराच वेळ उभ्या होत्या. कागदांवरचे शेरे कमी झाले. शिपाई खूश होता. मी नव्हतो.

शेवटी मीच म्हटलं, "बँकेचा नंबर दिसतो म्हणून उचलत नसतील."

"मग?"

"मग काय, मोबाइल शोभेला ठेवलाय का?"

आता चिडतील, असं वाटलं होतं. पर्समधून त्यांनी मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नंबर दाबायला सुरुवात केली. नंबर पाठ होता. मध्येच थांबल्या. आपला नंबर कुणाला द्यायचा नाही, ही त्यांची नोकरीभरची रीत. खातेदार अपरात्री व्याज विचारतात, म्हणायच्या. उरलेले आकडे दाबून झाल्यावर त्यांनी स्पीकर लावला आणि मोबाइल आरशासारखा समोर धरला. कानाला लावायची त्यांना सवयच नाही.

"कोण?"

"मी. बँकेतून..." त्या थांबल्या. "नाही, बँकेतून नाही. मी बोलतेय."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मी उगाचच मोजलेलं बंडल पुन्हा मोजायला घेतलं.

"मेहुणे कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

एवढा वेळ गेला की मला वाटलं, ठेवला. बाईही मोबाइलच्या काचेवर डोळे बारीक करून तेच बघत होत्या.

"आहे," मशीनवाले म्हणाले. आवाज बसलेला होता. दिवसभरात पहिल्यांदाच वापरल्यासारखा. "दाढी वाढवलीय त्याने. म्हटलं, शोभत नाही तुला. ऐकतोय कुठला."

"काळी की पांढरी?"

"पांढरी की हो! म्हातारा दिसतो माझ्यापेक्षा. आरशात बघ म्हटलं तर म्हणतो, आरसा जुना आहे." मग ते दाढीबद्दल बरंच बोलले, कात्रीबद्दल बोलले, कात्रीला धार कशी लावावी यावर बोलले. बाई ‘हं हं’ करत होत्या. एकाही गोष्टीला त्यांनी आधार मागितला नाही.

"आणि तुमच्याकडे?" मशीनवाल्यांनी विचारलं. जपून, पाय टाकण्याआधी फरशी ओली आहे का बघावं तसं. "खालच्या बाई?"

शेरेबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली.

"आमचं वाजलंय," त्या म्हणाल्या.

"अरेच्चा! कशावरून?"

"जिन्यातल्या दिव्यावरून. त्या म्हणतात, मी चालू ठेवते. आता मी कशाला चालू ठेवीन? सांगते थांबा, झालं काय..."