कडेची नजर

लेकीला, माकारेनाला, जुळ्या मुली झाल्या आणि त्यांच्या नावांवरून घरात आठवडाभर धुसफूस चालली, त्याच वर्षी फ्रोइलानच्या नजरेचा मधला भाग गेला. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानं दोन्ही नाती मांडीवर घेतल्या आणि वाकून पाहिलं, तर दुपट्यांच्या मधोमध नुसता धुरकट डाग. मान एका बाजूला वळवली तेव्हा कुठं एक कान आणि एक मूठ दिसली.

"अगदी आजोबांवर गेल्यात," शेजारणी म्हणाल्या.

"गेल्यात खऱ्या," तो म्हणाला. डोळ्यांबद्दलचं त्याचं हे पहिलं खोटं.

डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलं होतं. मधलं परत येणार नाही, कडेचं राहील. ते त्यानं घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घोडागाडीचा परवाना जावयाच्या नावावर गेला असता. दिमास, म्हणजे जावई, विजेवर चालणाऱ्या बग्ग्यांची माहिती काढत होता, हे फ्रोइलानला ठाऊक होतं. विजेची बग्गी आली की गोलोसा कुठं जाणार? सतरा वर्षांच्या घोडीला सेव्हिया शहरात गिऱ्हाईक एकच असतं, आणि ते सुरी घेऊन येतं.

म्हणून तो गाडी हाकत राहिला. गोलोसाच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडं, त्यामुळे तिला फक्त समोरचं दिसे. त्याला फक्त कडेचं. दोघांची मिळून एक नजर पुरी होत होती. कॅथीड्रलपासून नदीकाठ, नदीकाठावरून बाग, बागेतून परत, हा रस्ता तर घोडीला झोपेतही आला असता. अडचण एवढीच की समोरच्या माणसाचं तोंड पाहायचं तर मान वळवून तिरकं बघावं लागे. अड्ड्यावर बोलणं सुरू झालं, की फ्रोइलान संशयी झालाय, माणसाकडे सरळ बघत नाही. आणि तिरकं बघता बघता तो खरोखरच तसा झाला. कुणी "काय कसं काय?" विचारलं तरी त्याला वाटे, हा काय काढून घ्यायला आलाय?

मे महिन्यातल्या एका सकाळी ती बाई आली. त्यानं आधी तिचे बूट ऐकले. सपाट तळव्याचे, घाई नसलेले. मग मान वळवली. पांढरे केस, वेताची टोपी, वय त्याच्याच आसपास.

"मला गाडी दुपारपर्यंत हवी," ती म्हणाली. स्पॅनिश चांगलं होतं, पण पेटीत ठेवून दिलेल्या कपड्यासारखं घडी पडलेलं.

"काय काय बघायचंय?"

"काही नाही. हळू चला म्हणजे झालं. घोडी चालेल तसं."

"घोडी, बाई, कोर्टाचं बोलावणं आल्यासारखी चालते."

"मग छानच."

फ्रोइलानला ते रुचलं नाही. पाहुणे येतात, तासाभरात सगळं शहर मागतात, फोटो काढतात, उतरतात. काही बघायचं नाही आणि हळू चला, हे पाहुण्याचं बोलणं नव्हे. हे तपासायला आलेल्या माणसाचं बोलणं. पालिकेची असेल. नाहीतर प्राण्यांवर दया करणाऱ्यांपैकी. नाहीतर दिमासनं पाठवली असेल.

नदीकाठापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "सान लोरेन्सोच्या बाजूला जाऊ या का?"

झालं. सान लोरेन्सो नेहमीच्या फेरीत नाही. गल्ल्या अरुंद, वळणं आखूड. त्या भागात तो कैक वर्षांत फिरकला नव्हता. नाही म्हणावं तर ती विचारणार, का नाही? हो म्हणावं तर...

"जाऊ की," तो म्हणाला आणि लगाम सैल सोडला. गोलोसाचा जुना तबेला त्याच बाजूला होता. ती विसरली नसेल, एवढाच त्याचा आधार.

ऊन चढत होतं. सज्ज्यांवरून नुकतंच पाणी घातलेल्या जिरेनियमचा वास येत होता. एका वळणावर घोडी एकदम थांबली. फ्रोइलाननं जिभेनं टचटच केलं, ती हलेना. त्याच्या समोर नुसता डाग होता. त्या डागात भिंत आहे, की माणूस, की पोर, त्याला कळेना.

"तहान लागली असेल तिला," मागून बाई शांतपणे म्हणाली. "तो सामानाचा टेम्पो निघून जाईपर्यंत थांबू."

"तहानच," तो घाईघाईनं म्हणाला. "सवय आहे तिची."

टेम्पो गेल्याचा आवाज आला. फ्रोइलाननं मनात नोंद केली: बाईनं पकडलं. आता तिला गप्प करायचं तर आपण बोलत राहिलं पाहिजे. मग तो पट्टीच्या वाटाड्यासारखा दाखवत सुटला.

"ते हिरवं दार दिसतंय? हातपंखे दुरुस्त करणाऱ्याचं. त्याची आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला बघून लग्नं जुळवायची."

"दिसतंय," बाई म्हणाली. "जुळायची का?"

"जुळायची. टिकायची नाहीत."

ती हसली. त्याला जरा धीर आला. पुढचा लहान चौक आला तेव्हा त्यानं चाबकाचं टोक उचललं. "आणि ही जाकारांदा. अख्ख्या सेव्हियात हिच्याइतकं जुनं झाड नाही. मे महिन्यात बघावी."

मागं बसायच्या गादीचं चामडं करकरलं.

"हो," मग ती म्हणाली. "सगळी जांभळी झालीय. खाली सडा पडलाय नुसता."

परत आल्यावर ती उतरली, गोलोसाच्या मानेवर हात ठेवून जरा उभी राहिली. "उद्या पुन्हा," म्हणाली. "हेच रस्ते. तुम्ही बोलत राहा."

ती गेल्यावर काएतानो आला. त्याची गाडी रांगेत फ्रोइलानच्या मागं लागे आणि त्याचं तोंड सगळ्यांच्या पुढं.

"काय रे म्हाताऱ्या, कुठं पळवली होतीस तिला? लग्न वगैरे लावून आलास का?"

"सान लोरेन्सो. तो जाकारांदाचा चौक दाखवला."

"कुठली जाकारांदा?"

"चौकातली. दुसरी कुठली?"

"ती? अरे, ती दोन हिवाळ्यांमागं वादळात पडली. तीन गाड्या चेपल्या. आता तिथं सायकली बांधायच्या लोखंडी कमानी आहेत. तू काय दाखवलंस तिला?"

फ्रोइलाननं तोबऱ्यात हात घालून उगाच दाणे ढवळले. "आणि पंखेवाला?" त्यानं हळूच विचारलं.

"तो मेला त्याला किती वर्षं झाली! मोबाइलची कव्हरं विकतात तिथं. अरे, तू स्वतः गेला होतास ना आज?"

त्या बाईनं पंखेवाल्याचं दार पाहिलं होतं. जांभळा सडा पाहिला होता. म्हणजे ती त्याला बोलू देत होती, आणि तो तिच्यापुढं आपल्याच गळ्यात फास अडकवत होता.

घरी जेवताना दिमासनं थंड सुपाचा वाडगा पुढं सरकवला. "आज कोण बाई होती म्हणे? अर्धा दिवस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काएतानो भेटला होता. का हो, काय झालं?"

"काही नाही." फ्रोइलाननं मान वळवून जावयाकडे तिरकं पाहिलं. दिमास पावाचा तुकडा मोडत होता. पाव मोडणाऱ्या हातात काही सापडेना, तरी बाई यानंच पाठवली, अशी त्याची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी कॅथीड्रलपाशी नेलीच नाही. बागेच्या पलीकडच्या फाटकाशी, झाडाखाली नेऊन उभी केली. पाहुणे आले ते घेतले, कुणाशी जास्त बोलला नाही. असे तीन दिवस गेले. पालिकेचा माणूस आला नाही. दिमास काही म्हणाला नाही. चौथ्या दिवशी काएतानोच त्याला शोधत बागेशी आला.

"इथं दडून बसलायस होय! तुझी नवरी तीन दिवस बाकावर बसून होती. उन्हात. मी म्हटलं, बाई, तो गेला असेल खड्ड्यात, माझ्या गाडीत बसा, मीही फिरवतो हळूहळू."

"मग?"

"म्हणाली, नको, तुम्ही आहे ते दाखवाल."

फ्रोइलाननं लगाम हाताभोवती गुंडाळला.

"डोक्यात जरा फरक असणार," काएतानो म्हणाला. "तरुणपणी इथं राहायची म्हणे. कुणाच्या तरी घरी पोरं सांभाळायला होती, त्याच चौकात. मी सांगितलं, झाड पडलं. म्हणाली, माहीत आहे, आल्या दिवशीच जाऊन पाहिलं, आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. आज सकाळच्या रेल्वेनं गेली. हे तुझ्या घोडीला दिलंय."

कागदी पिशवीत साखरेचे खडे होते. कॉफीबरोबर देतात तसले, एकेक जपून ठेवलेले.

"नाव काय तिचं?"

"मी कशाला विचारू? तुझं गिऱ्हाईक."

काएतानो गेल्यावर फ्रोइलान गाडीवर चढला. मागं कुणी नव्हतं. लगाम सैल सोडला तशी गोलोसा आपणहून सान लोरेन्सोकडे निघाली. मोबाइलच्या दुकानावरून जाताना आतून गाणं ऐकू आलं. चौकात ती थांबली. त्यानं मान डावीकडे वळवली. कडेच्या नजरेत लोखंडी कमानी आल्या, त्यांना बांधलेल्या सायकली आल्या, एका चाकावर चमकणारं ऊन आलं. काएतानो खोटं बोलला नव्हता. ती बाईही काही काढून घ्यायला आली नव्हती. उलट बाकावर बसून वाट बघत राहिली होती.

मग त्यानं मान सरळ केली आणि समोर पाहिलं. समोर डाग होता. त्या डागात त्यानं खोड उभं केलं, फांद्या लावल्या, आणि खालची फरशी जांभळी केली. "बघा बाई," तो रिकाम्या गाडीला म्हणाला. गोलोसानं कान हलवले. साखर संपेपर्यंत दोघं तिथं होती.

घरी येऊन त्यानं चाबूक टेबलावर ठेवला. "दिमास, मला समोरचं दिसत नाही. नाती झाल्यापासून दिसत नाही."

माकारेनाच्या हातातून चमचा पडला. "बाबा! आणि तुम्ही गल्ल्यांतून गाडी हाकत होता? एखादं पोर आडवं आलं असतं म्हणजे?"

"म्हणूनच सांगतोय."

दिमासनं वाकून चमचा उचलला. "आणि घोडी?" त्यानं विचारलं.

"तेच मला तुला विचारायचं होतं. तू काय ठरवलंयस?"

"मी काय ठरवणार? मला कुणी कधी विचारलंय का?" दिमास म्हणाला. "माझ्या भावाचं कार्मोनाला कुरण आहे. राहील की तिथं. खाणार ती किती?"

फ्रोइलाननं जावयाकडे मान वळवली, पण या वेळी तिरकं बघण्याइतकी नाही; त्याचा शब्द पुरे होता.

गोलोसा कार्मोनाच्या कुरणात दुसऱ्या हिवाळ्यात, नाताळच्या आधी, म्हातारपणानं मेली. फ्रोइलान त्यानंतरच्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, घरच्या सज्ज्यात बसल्या जागी गेला. ती बाई कुठं आणि कधी गेली, की अजून आहे, हे सेव्हियात कुणाला माहीत नाही.