साखरेचं गलबत

तारा लिंबायतहून रोज दोन रिक्षा बदलून दवाखान्यात आयाच्या कामाला यायची. सतरा वर्षांत तिनं नाना तऱ्हेचे पेशंट सांभाळले होते, पण चिनी माणूस हा पहिलाच. लिन त्याचं नाव. हजिऱ्याच्या बंदरात कोळसा घेऊन आलेल्या जहाजावरचा पन्नाशीतला खलाशी. अपेंडिक्स फुटलं म्हणून त्याला उतरवलं, आणि ऑपरेशन झालं त्याच दिवशी जहाज पुढच्या बंदराला निघून गेलं. जहाजाचा एजंट फोनवर एवढंच सांगायचा, "कागदं होऊ द्या."

लिन हळदीच्या खिचडीला तोंड लावेना. दोन दिवस ताट तसंच परत गेलं. तिसऱ्या दिवशी तारानं घरून तांदळाची पेज आणली, नुसतं मीठ घातलेली.

"बाहेरचं चालत नाही, ठाऊक आहे ना?" मंगला सिस्टर म्हणाल्या.

"डॉक्टरांना विचारलं, ताई. पातळ चालेल म्हणाले."

लिननं डबा पुसून खाल्ला. मग मोबाइल पुढं धरला. तो चिनीत बोलला की फोन ते हिंदीत सांगायचा, आणि ताराची हिंदी चिनीत.

"ही पेज माझा आजा सांगायचा तशी आहे," फोन बोलला.

त्याचा आजा फुजियानच्या किनाऱ्यावरचा, शिडाच्या गलबतावरचा. गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे रंगवलेले, वाट दिसावी म्हणून. उन्हाळ्यात वारा उत्तरेकडं वाहू लागला की साखर आणि कागद भरून निघायचं, हिवाळ्यात वारा उलटला की सोयाबीन घेऊन परतायचं.

"साखर?" तारा म्हणाली. "माझे आईबाप चलथाणच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडायचे."

लिननं मान हलवली आणि पुढं सांगू लागला. एका खेपेला वादळात सुकाणू तुटलं. अकरातले दोघे वाचले. उत्तरेच्या कुठल्याशा गावात एका विधवेनं आजाला चाळीस दिवस पेज भरवली. तिची बोली त्याला कळत नव्हती. बरा झाल्यावर तो चालत निघाला आणि गावाचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढं दरसाल त्या बाजूनं जाताना तो साखरेचा एक खडा समुद्रात सोडायचा. नेमका किनारा कुठला, ते मात्र त्याला कधीच ओळखू आलं नाही. नंतर सगळ्यांची गलबतं सरकारी सोसायटीत गेली, त्यांना इंजिनं बसली. लिनचा बाप त्यांवर कोळसा वाहायचा.

हे सगळं लिननं आवाज न चढवता सांगितलं, कपाळावर आठीसुद्धा नाही.

तेराव्या दिवशी कागदं झाली. गाडी खाली उभी होती. लिननं तारापुढं फोन धरला.

"तुमच्या गावाचं नाव काय?"

अमळनेरकडच्या मूळ गावाला जाऊन ताराला वीस वर्षं झाली होती. "लिंबायत," ती म्हणाली. त्यानं तिच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं, औषधाच्या चिठ्ठीमागं चार चिनी अक्षरं लिहिली आणि चिठ्ठी पारपत्रात ठेवली.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

"लिंबायत कसाले सांगं?" निंबानं गावाकडच्या बोलीत विचारलं. "आपलं गाव सांगतीस."

"तठे कोन शे आते आपलं?"

निंबानं जेवणाचा डबा उचलला. "बरोबर शे," म्हणाला, आणि लूमच्या कारखान्यात पाळीवर निघून गेला.