वीतभर लॅपटॉप

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात नातेवाइकांचं डोकं खाल्लं ते एकाच विषयावर. कुणाकडे जेवायला जावं, हात धुऊन होतात न होतात तोच ह्यांचं सुरू, "तुमच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढा आणि लिनक्स टाका. कुणा एकाच्या मालकीचं नाही ते. उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणी विचारणार नाही." ऐकणारे माना डोलवायचे आणि हळूच घड्याळाकडे बघायचे. मी मात्र सगळ्यांदेखत म्हणायचे, "फुकट ते पौष्टिक!" की ह्यांचा पारा चढलाच. घरी येईपर्यंत भांडण, आणि घरी आल्यावर त्याच भांडणाचा दुसरा अंक. हे छापखान्यात प्रूफं तपासायचे, मी कपडे शिवते. दुसऱ्याची चूक दिसायची खोड दोघांनाही, त्यामुळे विषय कधी कमी पडले नाहीत.

मग ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. अंग थोडंफार परतलं, काठी धरून खुर्चीपर्यंत येतात, पण उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो आणि तोंडातून शब्द नाही. "चहा हवा?" विचारलं तर मान हलते. "नको का?" विचारलं तरी तशीच हलते. घरात मी एकटीच बोलते, आणि बोलून बोलून मला माझाच कंटाळा येतो.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्याला येतात. एकदा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारून टाकलं, "खरं सांगा, आतमध्ये शब्द आहेत ना ह्यांच्या?"

बाई चपला घालता घालता थांबल्या. "शब्द ओठांत अडकलेत की मुळातच पुसले गेलेत, ते मला अजून कळत नाही. डाव्या हाताने लिहायला दिलं तर नुसत्या रेघोट्या येतात. पण ते कॉम्प्युटरवर रोज लिहायचे म्हणता ना? तोच, तसाच समोर ठेवून बघा. जुन्या सवयीच्या वाटेने कधी कधी शब्द बाहेर येतात."

शब्द असतील तर कळेल, आणि नसतील तर तेही कळेल. हे दुसरं बाई बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं. त्या दिवशी एका झग्याची बाही मी उलटी जोडली.

आमचा जुना कॉम्प्युटर चालू केला तर नुसता पंखा गरगरला आणि गप्प झाला. लेक फोनवर म्हणाली, "आई, टॅबलेट घे. बोट लावलं की झालं." मी म्हटलं, "बाबांच्या हाताला जे ठाऊक आहे तेच आणायचं. ह्या वयात नवे धडे नकोत." नवाकोरा परवडणारा नव्हताच. तेव्हा जुना लॅपटॉप, आणि त्यावर ह्यांचं ते लिनक्स. ज्याची मी जन्मभर टर उडवली तेच आता मलाच शोधून आणायचं होतं. माझी खोड चांगलीच जिरली.

निघायच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी बासरी लावली. ह्यांनीच कधीकाळी ती सीडी आणली होती. आवडीचं संगीत ऐकवत जा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून रोज लावते. माझं खरं तर त्या बासरीने डोकं उठतं. पण ती सुरू झाली की ह्यांचं डावं बोट पलंगाच्या कडेवर टकटक करतं, ठेका धरतं. तेवढं एक बोट हललेलं बघायला मी काय वाट्टेल ते ऐकलं असतं.

बासरी चालू असतानाच मी माप घ्यायची टेप काढली आणि ह्यांचा डावा पंजा चादरीवर पसरला. कीबोर्डावर काना-मात्रा डावीकडे आणि अक्षरं उजवीकडे असतात, दोन्ही हातांना कामं वाटून दिलेली, हे ह्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. आता सगळं काम एका डाव्या हातावर. तो सारखा इकडून तिकडे पळवण्यापेक्षा एका वितीत मावेल असा कीबोर्ड हवा, असा माझा हिशेब. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घेतलं. टेप काढायला गेले तर ह्यांनी ती मुठीत धरून ठेवली.

"सोडा की," मी म्हटलं. "दुकान बंद होईल."

सोडली नाही. मग मीही जरा वेळ तशीच बसले.

शेजारच्या काकूंना बसवून मी निघाले. ह्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला, लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह बरोबर घेतला. "आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं, मगच विकत घ्यायचं," हे ह्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. न ऐकता ऐकलेलं असं कधीतरी उपयोगी पडतं.

जुन्या लॅपटॉपचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या आणि त्यांवर आडवे रचलेले लॅपटॉप. दुकानदार कपाळावर भिंग चढवून एकाचं पोट उघडून बसला होता. "ह्यात लिनक्स आहे, चालवून दाखवा," म्हणत मी पेनड्राइव्ह पुढे केला तसा तो हसला. "काकू, लिनक्स? ते वापरतं कोण?"

"आमचे हे."

"मग तेच का नाही आले?"

मी काय झालंय ते सांगितलं. त्याने भिंग कपाळावरून काढलं, खुर्ची पुसून दिली आणि पुन्हा काही तो हसला नाही.

आधी त्याने एक चकचकीत, पातळसा काढला. पेनड्राइव्ह लावून चालू केला, पडदा छान उजळला, पण वायफाय काही दिसेना. "ह्याच्या आतल्या भागाचं लिनक्सशी जमत नाही," तो म्हणाला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुसऱ्यावर सगळं चाललं, आवाज, वायफाय, सगळं. मी टेप काढून कीबोर्डावर ठेवली तर कीबोर्ड मापाच्या दोन बोटं बाहेर.

"काकू, लोक रॅम बघतात, प्रोसेसर बघतात," दुकानदार म्हणाला. "टेप लावणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"अंगाला बसत नसेल तर कापड कितीही भारी असून काय उपयोग?"

त्याने शेवटी खालच्या फळीवरून एक काढला. कुठल्याशा ऑफिसातून टाकून दिलेला, ठेंगणा, जाडजूड, झाकणावर खरवडलेल्या चिकटपट्टीचे डाग. "रूप नाही, पण मार खाऊन टिकलेला आहे. आणि किमतीत हाच हलका." टेप लावली. बरोब्बर वीत. बटणं खोल होती, बोट ठेवलं तर आपसूक दबणार नाहीत, जोर लावावा लागेल. तेही मला बरं वाटलं, कारण थरथरणाऱ्या बोटाला टेकायला जागा हवी.

पेनड्राइव्ह लावला. थोड्या वेळाने पडद्यावर सगळं मराठीत आलं. ह्यांनी तसंच बेतून ठेवलं होतं. दुकानदाराने वायफाय जोडून दाखवलं, आवाज दाखवला, लिहायचा प्रोग्रॅम उघडला आणि वरच्या यादीवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय? 'उसवा'? इथे काहीतरी चुकलंय वाटतं."

मी वाकून बघितलं. आणि मला ती संध्याकाळ आठवली. मी एका बाहीची शिवण उसवत होते आणि हे त्यांच्या टेबलावरून विचारत होते, "अगं, चुकून काही केलं आणि ते न केल्यासारखं करायचं, त्याला एका शब्दात काय म्हणशील?" लिनक्सचे शब्द मराठीत आणायचं काम हे हौसेने करायचे. मी मान वर न करता म्हटलं होतं, "उसवा म्हणा." हे केवढ्याने हसले! "हे काय शिवणकाम आहे?" म्हणाले. मला राग आला होता. आणि तोच शब्द ह्यांनी गुपचूप तिथे लावून ठेवला होता. मला एका अक्षराने सांगितलं नाही.

"चुकलेलं नाही," मी दुकानदाराला म्हटलं. "शिंपिणीला विचारून घातलंय. हाच द्या."

त्याने लिनक्स भरून दिलेला लॅपटॉप पोटाशी धरून मी घरी आणला. तो दिवस गेला. लॅपटॉप उघडायचं धाडस होईना. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. झाकण बंद होतं तोवर शब्द आहेत असं मला धरून चालता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बासरी लावली, ह्यांना माझ्या कापायच्या टेबलाशी बसवलं आणि लॅपटॉप उघडून समोर ठेवला. लिहायचा कोरा कागद काढून दिला. ह्यांनी पडद्याकडे बघितलं. मग बटणांवरून तळवा फिरवला, मी नवीन कापड हाताखालून घालते तसा. दाबलं मात्र काही नाही. टेबलाच्या कडेवर टकटक ठेका धरला आणि बसून राहिले.

मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

बऱ्याच वेळाने एक बटण वाजलं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग दुसरं. मी नळ बंद केला. बटण, शांतता, बटण. मग दोनदा पटापट, आणि एक मोठा सुस्कारा. चुकलं असणार. चुकलं हे कळतंय म्हणजे बरोबर काय तेही माहीत असणार, असं मी मनाशी म्हणत होते आणि पाय दारातून पुढे पडत नव्हते.

शेवटी टेबलावर थाप पडली. ह्यांची थाप. ती मी ओळखते.

मी जाऊन बघितलं. पडद्यावर लिहिलं होतं:

बासरी बंद कर.

मी दोनदा वाचलं. पूर्णविरामसुद्धा दिला होता. मी जाऊन बासरी बंद केली, आणि घर इतकं शांत झालं की मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. पदर तोंडाला लावून मी म्हटलं, "अहो, इतके महिने रोज लावतेय! तुम्ही तर ठेका धरत होतात!"

ह्यांनी माझ्याकडे, चुकीचं प्रूफ समोर आल्यावर बघायचे, तसं बघितलं. बोट पुन्हा बटणांवर गेलं. मी जवळ उभी राहिले आणि एकेक अक्षर येताना बघत राहिले. मध्ये एक चुकलं, तेव्हा वरच्या यादीत जाऊन ह्यांनी 'उसवा' दाबलं. हे मला दिसावं म्हणूनच केलं, पैजेवर सांगते. मग पुन्हा लिहिलं.

ठोकत होतो.

"पण तुम्हीच आणली होतीत ना ती सीडी?"

तुझ्यासाठी.

"माझ्यासाठी? मला कुठे आवडते! पहिल्या दिवसापासून डोकं उठतं माझं!"

हे थांबले. चेहऱ्याची डावी बाजू वर गेली. हसत होते. हात दमला होता, तरी एका वितीत इकडून तिकडे फिरत राहिला.

मग लावतेस कशाला?

ह्या घरात इतक्या महिन्यांत मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. मी डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि ह्यांच्याशी भांडायला बसले.